बगळ्याची खिटी

अशी कल्पना कर, की तू विमानात आहेस. खिडकीची जागा मिळाली आहे, आणि तीही पंखाच्या थोडी पुढे, म्हणजे मान मागे वळवली की पंखाची पुढची कड दिसते. खाली शेतं मोठी व्हायला लागली आहेत, कानात दडे बसले आहेत, शेजारचे आजोबा पायांनी चाचपून आपले बूट शोधताहेत. तेवढ्यात खालून कुठून तरी घूं असा आवाज येतो. आता बघ बाहेर. पंखाची पुढची कड पंखापासून सुटते, पुढे सरकते आणि विहिरीत डोकावणाऱ्या माणसासारखी खाली वाकते. तिच्या आणि पंखाच्या मध्ये चांगली फट पडते.

घाबरू नकोस, काही मोडलेलं नाही. विमान उतरायला निघालंय, म्हणून हळू झालंय. पंख हळू झाला की त्याच्या पाठीवरची हवा त्याला सोडून जायला बघते. पुढची पट्टी अशी वाकली की हवा पुन्हा पंखाला बिलगून राहते. या पट्टीला स्लॅट म्हणतात.

तू म्हणशील, वाकली तर वाकली, त्यात एवढं काय? पण जरा विचार कर. ती पट्टी तुमच्या घराच्या भिंतीएवढी लांब असते. उंचावर वेगात जाताना ती पंखाला अशी चिकटून बसली पाहिजे की मध्ये नखही शिरू नये. उतरताना ती नेमकी ठरली तेवढीच पुढे, तेवढीच खाली आणि तेवढीच तिरकी व्हायला हवी. आणि हे सगळं करणाऱ्या दांड्या, बिजागऱ्या, दात्यांची चाकं, सगळी पंखाच्या निमुळत्या नाकात मावली पाहिजेत. कुणीतरी टेबलाशी बसून, डोकं खाजवून हे ठरवलेलं असतं.

अशा डोकं खाजवणाऱ्यांपैकी एक होती इम्के. ब्रेमेन शहरात, विमानतळाशेजारच्या कारखान्यात ती रोज सायकलने जायची आणि स्लॅटना चालायला शिकवायची. तिला एक मुलगी होती, टोमके. ही गोष्ट टोमकेची, आणि तिच्या बगळ्याची.

टोमके चौथीत होती. फिंडॉर्फ भागात, कालव्याच्या कडेला त्यांचं घर. नोव्हेंबर लागला की तिथे दुपारच्या चहालाच दिवस मावळायला लागतो, आणि मग एका संध्याकाळी त्या भागातली सगळी मुलं काठीला कंदील अडकवून फिरायला निघतात. पुढे ढोलवाले, त्यांच्यामागे पहिला कंदील, त्याच्यामागे बाकीचे. कालव्याच्या पुलावर सगळे थांबतात, गाणी म्हणतात, आणि पहिला कंदील पुलाच्या मधोमध उभा राहतो. हा पहिला कंदील दरवर्षी टोमकेच्या वर्गातल्या बोसेचा असायचा, कारण त्याचे बाबा सगळ्यात मोठा ढोल वाजवायचे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

टोमकेला वाटत होतं. म्हणून वर्गात कंदिलांचं बोलणं निघालं तेव्हा ती उठून म्हणाली, "माझा बगळा आहे. तो पुलावर पंख उघडणार."

ओल्टमान्सबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "खरंच उघडणार?"

"उघडणार."

"मग या वर्षी तू पुढे."

बोसे मागच्या बाकावरून म्हणाला, "उघडणारा कंदील? त्याला छत्री म्हणतात."

"छत्रीला चोच नसते," टोमके म्हणाली.

"तुझ्या बगळ्याला पंख नसतील."

वर्ग हसला. टोमकेही हसली, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. कारण बोसेचं म्हणणं निम्मं खरं होतं. बगळ्याला लांब मान होती, चोच होती, पोटात दिवा होता. पंखही होते, पातळ कागदाचे, बांबूच्या काड्यांवर ताणलेले. फक्त ते उघडत नव्हते. दोरी ओढली की पंख बगळ्याच्याच पोटावर घासायचे आणि कागद टर्रकन फाटायचा. दोनदा नवा कागद लावून झाला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर एका बाजूला बगळा आणि दुसऱ्या बाजूला इम्केचं पुठ्ठ्याचं काम असा पसारा होता. इम्के एका नव्या, फार बारीक पंखासाठी स्लॅट बसवत होती आणि अवघड जागी आली की ती घरी पुठ्ठे कापत बसायची. संगणकावर सगळं दिसतं, पण पुठ्ठा हाताला कळतो, असं ती म्हणायची.

"आई, तू पंखच बनवतेस ना? मग माझे का उघडत नाहीत?"

"मी पंख बनवत नाही. पंखाची पुढची कड हलवते."

"तेच ते."

"तेच ते मुळीच नाही. पण दाखव."

टोमकेने दोरी ओढली. टर्र.

"हं," इम्के म्हणाली. "तू पंखाला ओढतेस, पण कुठून जायचं ते सांगतच नाहीस. आधी रस्ता, मग ओढणं. पंख कुठे कुठे असायला हवाय तुला?"

"मिटलेला. आणि उघडलेला."

"आणि मध्ये?"

"मध्ये कशाला?"

"मध्ये तो कुठे असेल हे तू ठरवलं नाहीस तर तो आपला आपण ठरवेल. आणि पंखाला अक्कल नसते. माझ्या स्लॅटचंही तसंच. विमान वर उडतं तेव्हा बंद, निघताना अर्धी उघडी, उतरताना पूर्ण. तीन जागा. मी त्या तीन जागांपासून सुरुवात करते."

तुझ्याजवळ एखादा पातळ कागद असेल तर पुढचं तूही करून बघ. टोमकेने कागदावर पंखाची आकृती तीनदा काढली, मिटलेली, अर्धी आणि उघडी. पंखावर खांद्यापाशी एक ठिपका दिला. पंख तीन जागी, म्हणून ठिपकेही तीन झाले. इम्के म्हणाली, "आता कागद असा दुमड, की पहिला ठिपका बरोब्बर दुसऱ्यावर बसेल. उजेडात धरून बघ. बसला? दाब. आता उलगड, आणि दुसरा ठिपका तिसऱ्यावर बसेल असा पुन्हा दुमड."

कागदावर दोन घड्यांच्या रेघा उमटल्या. एका जागी त्या एकमेकींना छेदत होत्या.

"तिथे टाचणी लाव," इम्के म्हणाली.

"तिथेच का?"

"पहिल्या घडीवरची कुठलीही जागा घे. ती पहिल्या ठिपक्यापासून जितकी लांब, तितकीच दुसऱ्यापासून. म्हणून तर दुमडल्यावर ते एकावर एक बसले. दुसऱ्या घडीवर?"

टोमकेने बोट ठेवून बघितलं. "दुसऱ्यापासून जितकी लांब तितकीच तिसऱ्यापासून."

"आणि जिथे दोन्ही रेघा भेटतात?"

टोमके कागदावर वाकली. मग तिने एक काडी घेतली, तिचं एक टोक टाचणीत अडकवलं, दुसरं पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि फिरवलं. काडीचं टोक दुसऱ्या ठिपक्यावरून गेलं आणि तिसऱ्यावर पोचलं. अगदी आज्ञाधारकपणे, कुठेही न चुकता. तिने काडी परत आणली आणि पुन्हा फिरवली. मग पुन्हा.

"एका काडीने पंख गोल गोल लटकेल," इम्के म्हणाली. "पंखावर आणखी एक ठिपका घे, दुसरीकडे. त्याचीही टाचणी शोध. दोन काड्या झाल्या की पंख कुठे जायचं आणि किती तिरकं व्हायचं, दोन्ही त्यांच्याकडूनच शिकतो."

झोपायच्या आधी पंख दोन काड्यांवर चालायला लागला. मिटलेल्या जागी नीट बसला, अर्ध्या जागी बसला, उघडला. आणि मधल्या वाटेत हळूच पोटाला घासला.

"हे बघ," टोमके म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "सगळं केलं, तरी घासतोच."

इम्के हसायला लागली आणि तिने आपला पुठ्ठा पुढे ओढला. तिच्या स्लॅटची शेपटी, म्हणजे मागची कड, बाहेर पडताना पंखाच्या नाकाला अशीच घासत होती. "आठवडाभर मी याच्याशीच भांडतेय. तीन जागी शहाण्यासारखी वागते आणि मध्येच नाक खाजवते."

"मग काय करतेस?"

"दुसरा ठिपका थोडा सरकवते. पुन्हा दुमडते, पुन्हा टाचणी. नाहीच जमलं तर आणखी थोडा सरकवते."

"कुठे सरकवायचा ते कसं कळतं?"

"सुरुवातीला नाही कळत. बरेच कागद दुमडले की हात सांगायला लागतो."

पुढचे काही दिवस टेबलावर घड्या पडलेल्या कागदांचा ढीग वाढत गेला, जेवायला ताटलीपुरती जागा उरली. टोमके ठिपका शेपटीकडे नेऊन बघायची, इम्के तिचा नाकाकडे. एका संध्याकाळी टोमकेने काडी फिरवली आणि पंख पोटाच्या बाजूने, एक बोट अंतर राखून, निवांत बाहेर गेला. तिने नुसती आईची बाही ओढली. इम्केने बघितलं, आपल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझ्या आधी झाला तुझा. कचेरीतल्या कुणाला सांगू नकोस."

मग दुसरा पंख पहिल्यासारखाच केला. काठीच्या खालच्या टोकाला एक रीळ बसवलं, रिळावरून दोन दोऱ्या, प्रत्येक पंखाला एक. "दोन पंखांना दोन हातांनी कधी ओढायचं नाही," इम्केने सांगितलं. "हात सारखे नसतात. विमानातही मधोमध एकच यंत्र असतं आणि ते दोन्ही पंखांकडे सारखंच फिरवतं." टोमकेने रीळ फिरवलं आणि बगळ्याने पंख उघडले. इथे ही गोष्ट सुखाने संपली असती.

पण शनिवारी इम्केच्या कचेरीतली दोघं चहाला आली.

हार्म ल्यूशेन एवढा उंच होता की दारातून वाकून यायचा. तो समुद्राकडच्या गावातला. तिथे चहा म्हणजे चेष्टा नाही, म्हणून खडीसाखर तो स्वतःच्या खिशातून आणायचा, ब्रेमेनच्या लोकांवर त्याचा त्या बाबतीत विश्वास नव्हता. नुरहान अक्सॉय ब्रेमेनमध्येच वाढलेली. ज्याची त्याची वस्तू नेमकी कुठे मोडेल ते सांगणं हे तिचं काम, आणि ती ते मोठ्या आनंदाने करायची.

"मॉइन," असा त्याच्याकडचा नमस्कार करून हार्म म्हणाला. "हा कोण?"

"बगळा," टोमके म्हणाली आणि तिने रीळ फिरवलं.

पंख उघडले, मिटले. दोघंही गप्प झाली. चहाचे कप हातातच राहिले. त्या कचेरीतली माणसं एखाद्या वस्तूकडे अशी गप्प बघायला लागली की समजावं, त्या वस्तूचं आता काही खरं नाही.

"वारा किती धरलायस?" नुरहानने विचारलं.

"कुठला वारा?"

"पुलावरचा. पुलावर वारा असतोच. झटका बसला की दोरी ताणेल आणि कागद इथून फाटेल." तिने बोट ठेवलं. दोनदा फाटला होता तो तिथूनच. "दोरीच्या मध्ये थोडं रबर घाल. झटका रबर खाईल."

हे टोमकेला पटलं. दोन्ही दोऱ्यांत रबराचे तुकडे आले. हार्मने केकचा तुकडा संपवला, बोटांना लागलेले बदामाचे काप चाटले, आणि म्हणाला, "आणि एक पंख अडकला तर?"

"का अडकेल?"

"का अडकेल हे माझं काम नाही. अडकला तर काय, हे माझं काम." आणि खरंच, तो कारखान्यात दिवसभर तेवढंच करायचा. "समज, विमानाच्या एका बाजूच्या स्लॅट उघडल्या आणि दुसऱ्या बाजूच्या अडकल्या. एक पंख उचलायला लागेल, दुसरा नाही. विमान कुशीवर वळेल. म्हणून दोन्ही बाजू एकमेकींपेक्षा जरा जरी पुढेमागे झाल्या, तर मी दोन्ही जिथल्या तिथे धरून ठेवतो. अर्धवट का असेना, सारख्या पाहिजेत. सारख्या असल्या की वैमानिक सांभाळून उतरवतो."

त्याने खिशातून पितळी पत्र्याचा तुकडा काढला. काही माणसांच्या खिशात असा तुकडा असतोच. संध्याकाळपर्यंत बगळ्याच्या छातीत एक छोटी खिटी बसली. एक पंख दुसऱ्यापेक्षा बोटभर पुढे गेला की ती टक्क करून खाचेत पडायची आणि दोन्ही पंख कुलूप लावल्यासारखे थांबायचे.

"मग ती सुटणार कशी?" टोमकेने विचारलं.

"खाली उतरल्यावर. पोटाखालचा स्क्रू काढायचा."

"आणि वर असताना?"

"वर असताना नाही. वर असताना सुटली तर ती खिटी कसली?"

"पण हा कंदील आहे."

"तत्त्व तेच."

इम्केने थांबवायला हवं होतं. पण तिच्या हातात कानस होती, ती खाच घासून देत होती आणि तिची जीभ दातांत आली होती, म्हणजे ती अगदी रमली होती.

"जड झालाय," टोमके काठी उचलून म्हणाली.

लगेच स्वयंपाकघरातला वजनकाटा आला. बगळा त्यावर बसला. वजनावरून वाद झाला आणि शेवटी पितळी पत्र्याला भोकं पाडून तो हलका करायचं ठरलं. भोकं पाडण्यात आणखी एक किटली चहा संपला. मग हार्मने एक पंख बोटाने धरून ठेवला, टोमकेने रीळ फिरवलं, रबर ताणलं, टक्क. बगळा थिजला. तिघं मोठी माणसं इतकी खूश झाली की टोमकेलाही वाटलं, असेल बुवा, काहीतरी फार चांगलं झालं असेल.

मिरवणुकीच्या संध्याकाळी पाऊस नव्हता, ही गोष्ट ब्रेमेनमध्ये बोलून दाखवण्याजोगी. बोसेचे बाबा पोटावर ढोल घेऊन पुढे, त्यांच्यामागे टोमके, तिच्यामागे बोसे. त्याचा कंदील म्हणजे हिरवा-पांढरा फुटबॉल होता. हार्म आणि नुरहानही आले होते. असं काहीतरी चाललेलं असताना घरी बसणं त्यांना जमणारं नव्हतं.

पुलावर ढोल थांबले. टोमके मधोमध जाऊन उभी राहिली. गाणं सुरू झालं. पुढची मुलं माना उंच करून बघत होती, लहानांना त्यांच्या बाबांनी खांद्यावर घेतलं होतं. टोमकेने श्वास घेतला आणि रीळ फिरवायला सुरुवात केली.

बगळ्याचे खांदे सुटले. पंख पोटापासून अलगद बाहेर आले. अर्ध्यावर आले, आणि कालव्यावरून वाऱ्याचा एक झोत आला. उजवा पंख वाऱ्याने मागे दाबून धरला. नुरहानचं रबर ताणलं गेलं, कागद फाटला नाही. डावा पंख मात्र पुढे गेला. टक्क.

"पडली," हार्म म्हणाला.

"पडली?" नुरहानने विचारलं.

"ऐकलंस ना? पडली."

"वाऱ्यात," नुरहानने त्याचा कोट धरला. "खऱ्या वाऱ्यात, हार्म. आणि कागद शाबूत." त्या दोघांनी चक्क हात मिळवले. इम्केच्याही चेहऱ्यावर हसू आलं होतं, पण तिने मुलीकडे बघितलं आणि ते तिथेच विरलं.

टोमकेने रीळ पुढे फिरवलं, मागे फिरवलं. हलेना. बगळा अर्धे पंख पसरून उभा होता, अंगात कोट घालता घालता अडकलेल्या माणसासारखा. लोकांना वाटलं, झालं एवढंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या, हातमोजे घातलेल्या हातांच्या, दबक्या आवाजाच्या. "छत्री अडकली," असं बोसे मागून म्हणाला. पण त्या भल्या माणसांच्या टाळ्या तिला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागल्या. उघडणार, असं तिने सांगितलं होतं. हे उघडणं नव्हतं.

तिने काठी खाली घेतली आणि पुलाच्या मधोमध, थंड दगडांवर, मांडी घालून बसली.

मागची मुलं पुढच्यांवर आदळली. रांग थांबली. "काय झालं?" ढोलवाल्यांपैकी कुणीतरी विचारलं.

"खाली उतरलाय," हार्म गंभीरपणे म्हणाला. "आता सोडवता येईल." तो गुडघे टेकून तिच्यासमोर बसला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बगळ्याच्या पोटाखाली डोकं घातलं. "दिवा धरा रे कुणीतरी."

हिरवा-पांढरा फुटबॉल खाली आला. बोसे वाकून बघत होता. "हे काय आहे?"

"खिटी," टोमके म्हणाली. "पंख पुढेमागे झाले की पडते. विमानात असते तशी."

"खऱ्या विमानात?"

"खऱ्या."

बोसेने आपल्या कंदिलाकडे बघितलं. "माझा नुसता पेटतो," तो म्हणाला.

"सुटली," हार्म म्हणाला. "आता पुन्हा उचल."

"पुन्हा वारा आला तर?"

"पुन्हा पडेल," हार्म म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

"मग ती काढूनच टाक."

हार्म स्क्रूड्रायव्हर हातात धरून थांबला. त्याने नुरहानकडे बघितलं, नुरहानने इम्केकडे.

"काढली आणि एक पंख अडकला तर काय होईल?" टोमकेने विचारलं. प्रश्न हार्मचाच होता, म्हणून त्याला त्याचं उत्तर देणं भाग होतं.

"एक पंख उघडेल, एक नाही."

"मग?"

"मग..." त्याने खरोखर विचार केला. "मग तो वाकडा दिसेल."

"आणि?"

"आणि बोसे हसेल," नुरहान म्हणाली.

"तो आत्ताच हसतोय," टोमके म्हणाली.

"मी नाही हसत," बोसे म्हणाला. तो खरंच हसत नव्हता.

इम्के मुलीशेजारी खाली बसली. "हार्म, विमानाच्या खाली काय असतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आपण ते धरून ठेवतो. याच्या खाली टोमके आहे. पडलाच तर तिच्या डोक्यावर पडेल, आणि तो कागदाचा आहे."

"उद्या मला विचारू नका, खिटी का नव्हती," हार्म पुटपुटला. पण त्याने स्क्रू फिरवला, पितळी तुकडा भोकांसकट बाहेर काढला आणि खडीसाखरेच्या खिशात टाकला.

"रबर राहू दे," नुरहान घाईने म्हणाली.

"रबर राहू दे," टोमकेने मान्य केलं. ते चांगलं काम करत होतं.

ती उठली. मागे कुणीतरी गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिने काठी उंच धरली, पहिल्यापेक्षा ती हलकी लागत होती, आणि रीळ फिरवलं. वारा होताच. डावा पंख आधी निघाला. उजवा मागे राहिला, थरथरला, जरा मागे गेला. टोमकेने हात थांबवला नाही. रबर ताणत गेलं, ताणत गेलं, मग वाऱ्याने क्षणभर उसंत घेतली आणि उजवा पंख फडाक करून डाव्याच्या बरोबरीला आला. कालव्यावर खरा बगळा उठतो ना, आधी एक खांदा उडवल्यासारखं करून, तसंच ते दिसलं. गाणं मध्येच थोडं विस्कटलं, कारण बरेचजण गायचं विसरून वर बघत होते. बोसेच्या बाबांनी कुणी न सांगता ढोलावर एक दणका दिला.

"वाकडा उघडला," हार्म म्हणाला.

"छान वाकडा उघडला," नुरहान म्हणाली.

टोमके मान वर करून बघत होती. तिला बगळ्याचं पोट दिसत होतं, दोन दोऱ्या, दोन रबरं आणि चार काड्या. सगळे लोक पुलाच्या दोन्ही बाजूंनी बघत होते आणि ती एकटीच त्याच्या बरोबर खाली होती.

"आई, कसा दिसतोय?"

"बगळ्यासारखा."

"म्हणजे कसा?"

हे सांगून कळण्यासारखं नव्हतं, हे इम्केला माहीत होतं. विमानात ती स्वतः नेहमी पंखाच्या पुढची खिडकी मागायची ती उगीच नाही.

टोमकेने रीळ उलटं फिरवून पंख मिटले. मग ती वळली आणि काठी बोसेच्या समोर धरली. "हे धर. दोन्ही हातांनी. रीळ हळू फिरवायचं, मध्ये थांबायचं नाही."

"मी?" बोसे म्हणाला. त्याने फुटबॉल शेजारच्या मुलीच्या हातात कोंबला. "आणि तू?"

पण टोमके तिथे नव्हती. माणसांच्या कोटांमधून वाट काढत ती पुलाच्या टोकाशी पोचली होती. कठड्याशेजारून ती ओल्या गवतावर उतरली, घसरली, उठली आणि काळ्या पाण्याच्या अगदी कडेपर्यंत धावत गेली. तिथून पूल पूर्ण दिसत होता. मधोमध, सगळ्या दिव्यांच्या वर, लांब मान काढून तिचा बगळा उभा होता.

टोमकेने दोन्ही हात वर केले आणि खालून हाक मारली, "बोसे, फिरव आता."